दोनशे फसलेल्यांतलं एक

शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ साली पोटातल्या अल्सरवरचा आपला उपचार प्रसिद्ध केला. रोग्याला अंथरुणात झोपवून ठेवायचं, दिवसभर दर तासाला दूध आणि साय पाजायची आणि मधल्या वेळात सोड्यासारख्या क्षारांच्या पुड्या द्यायच्या. हा रतीब वैद्यकात पुढची कित्येक दशकं टिकला. नंतर लक्षात आलं की दूध घटकाभर थंडावा देतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. अॅसिडिटी झाली की फ्रीजमधलं गार दूध पुढे करणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे पटणार नाही, पण आहे ते असं आहे. शिवाय दूध आणि क्षार यांचा मारा फार झाला की काही रोग्यांच्या रक्तात कॅल्शियम साठे आणि गोष्ट मूत्रपिंडावर जाई.

पथ्याने भागलं नाही तर सुरी. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोट यांनी १८८१ मध्ये कर्करोग झालेला जठराचा भाग कापून काढला आणि रोगी त्या शस्त्रक्रियेतून उठला. तेच तंत्र पुढे अल्सरसाठी रूढ झालं. १९४३ मध्ये शिकागोत लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी दुसरी वाट काढली. मेंदूकडून जठराला आम्ल सोडायचा निरोप आणणारी व्हेगस नस त्यांनी कापायला सुरुवात केली. दोन्ही शस्त्रक्रियांचा आधार एकच होता. झाग्रेबचे सर्जन श्वार्त्स यांनी १९१० साली मांडलं होतं की आम्ल नसेल तिथे अल्सर नाही. अल्सर फुटून पोटात पसरला किंवा त्यातून रक्त वाहू लागलं तर माणूस दगावतो, त्यामुळे अर्धं जठर देऊन जीव राखणं हा सौदा लोक मान्य करत.

गोळ्या नव्हत्या असं नाही. अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची अँटासिडं होती, पण ती तयार झालेलं आम्ल मारत. नवं आम्ल पाठोपाठ येतच राही. बेलाडोनासारखी औषधं घेतली की तोंड कोरडं पडे, डोळ्यांपुढे धूसर होई. हॉलंडमधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ज्येष्ठमधाच्या अर्काने अल्सर भरून येतात असं नोंदवलं, आणि त्यावरून ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात कार्बेनॉक्सोलोन हे औषध निघालं. आपल्या आजीबाईच्या बटव्यातलं ज्येष्ठमध असं युरोपच्या दवाखान्यात पोहोचलं खरं, पण या औषधाने अंगात मीठ-पाणी साठून सूज यायची, रक्तदाब चढायचा. आम्ल जिथे तयार होतं तिथेच ते नीट थांबवील असं काहीच हाताशी नव्हतं.

१९६४ मध्ये जेम्स ब्लॅक यांनी आयसीआय ही ब्रिटिश कंपनी सोडली ती अशा वेळी. ते स्कॉटलंडचे, शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने शरीरक्रियाशास्त्रज्ञ. आयसीआयमध्ये त्यांनी हृदयावरचा अॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारी औषधं घडवली होती. त्यांतलंच प्रोप्रॅनोलॉल पुढे जगभर गेलं. एवढं यश हातात असताना माणूस साधारणपणे त्याच औषधाचा जाहीर प्रचार करत फिरतो, आणि कंपनीलाही तेच हवं असतं. ब्लॅकना मात्र नव्या प्रश्नावर हात घालायचा होता. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमधल्या वेल्विन गार्डन सिटी या गावात स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकन कंपनीची प्रयोगशाळा होती. ब्लॅक तिथे रुजू झाले.

त्यांचा प्रश्न हिस्टामिनचा होता. हेन्री डेल यांनी १९१० पासून या द्रव्याचे परिणाम नोंदवले होते: रक्तदाब उतरतो, स्नायू आवळतात. काही वर्षांनी पोलंडचे पोपिएल्स्की यांनी कुत्र्याला हिस्टामिन टोचलं तेव्हा जठरात आम्लाचा लोंढा आला. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून अँटिहिस्टामिन औषधं येऊ लागली. अंगावर पित्त उठणं, शिंका, नाक गळणं यांवर ती चालत. पण हिस्टामिनमुळे सुटणाऱ्या आम्लाला ती धक्का लावू शकत नव्हती. लंडनच्या अॅश आणि शिल्ड यांनी १९६६ मध्ये लिहिलं की ही औषधं ज्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागेला, अडवतात तिला एच-वन म्हणावं. जठरातला परिणाम वेगळ्या ग्राहीवरून होत असावा, पण तिला अडवणारं एकही औषध नसताना तिला नाव देणं त्यांनी टाळलं.

बऱ्याच शास्त्रज्ञांना हिस्टामिनचा हा सगळा विषयच आडवळणाचा वाटत होता. त्याच १९६४ साली लिव्हरपूलमध्ये ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी गॅस्ट्रिन हे जठराचं संप्रेरक शुद्ध रूपात वेगळं केलं. आम्लाचा खरा हुकूमदार तोच आणि हिस्टामिनचा वाटा किरकोळ, असं मानणारे पुष्कळ होते. म्हणजे ब्लॅक ज्याला अडवायला निघाले होते ते मुळात महत्त्वाचं आहे की नाही याविषयीच वाद होता, आणि अडवायची जागा आहे याचा पुरावा एवढाच की असलेली औषधं तिथे चालत नाहीत.

ब्लॅकना जे औषध हवं होतं त्याचं काम एस.टी.ने प्रवास केलेल्या कुणालाही फार समजावून सांगावं लागू नये. खिडकीतून आत टाकलेला रुमाल जागा अडवतो. तो स्वतः कुठे जात नाही, पण खरा प्रवासी उभाच राहतो. हिस्टामिनच्या जागेवर नेमकं बसेल, पण बसून आम्लाचं काम सुरू करणार नाही, असं संयुग रसायनज्ञांनी घडवायचं होतं. त्यासाठी सुरुवात हिस्टामिनपासूनच करायची आणि त्याच्या रेणूत एकेक बदल करत जायचं, असं ठरलं. अॅड्रेनलिनच्या बाबतीत हीच रीत फळली होती.

रसायनाची बाजू रॉबिन गॅनेलिन यांच्याकडे होती; त्यांच्या सोबत ग्रॅहम ड्युरंट आणि जॉन एमेट. प्राण्यांवरची चाचणी माइक पार्सन्स पाहत, आणि बिल डंकन हे ब्लॅक यांच्या बरोबरीने सगळ्या कामाची सूत्रं सांभाळत. चाचणी वेळखाऊ होती. भूल दिलेल्या उंदराच्या जठरातून संथ धार लावून द्रव फिरवायचा, बाहेर येणाऱ्या द्रवाची आम्लता सतत मोजायची, हिस्टामिन टोचून आम्ल वाढवायचं आणि मग नवं संयुग देऊन ते उतरतं का पाहायचं. उतरत नव्हतं. रेणूत इकडे एक मिथिल गट लाव, तिकडे वलय बदल, साखळी लांबव, असं करत चार वर्षांत सुमारे दोनशे संयुगं बनली. आम्ल अडवणारं त्यांत एकही सापडलं नाही.

चार वर्षं हा कंपनीच्या हिशेबात फार मोठा काळ. फिलाडेल्फियाच्या मुख्य कचेरीत चुळबुळ सुरू झाली होती. दोष त्यांना तरी किती द्यायचा? ज्या ग्राहीचं अस्तित्व सिद्ध नाही तिला अडवणारं औषध शोधण्यासाठी पगार देत राहा, असं म्हणायला शास्त्रावरच्या श्रद्धेपेक्षा जास्त काही लागतं.

१९६८ मध्ये पार्सन्स यांनी चाचणीची रीत बदलली आणि जुनी संयुगं पुन्हा तपासायला घेतली. त्यांत ग्वानिलहिस्टामिन नावाचं एक होतं. प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला बनवलेलं, तपासलेलं आणि बाजूला ठेवलेलं. बाजूला का, तर ते दिल्यावर आम्ल थोडं वाढायचं. आम्ल थांबवणारं हवं असताना वाढवणारं कोण जवळ करणार? पण आता हिस्टामिनचा भरपूर मारा चालू असताना तेच संयुग दिलं तेव्हा आम्ल उतरलेलं दिसलं. फार नाही, थोडंच. ते हिस्टामिनच्या जागेवर बसत होतं, तिथे बसून हिस्टामिनपेक्षा कमी काम करत होतं, आणि तेवढ्या वेळात खऱ्या हिस्टामिनला जागा मिळत नव्हती. जे चार वर्षं शोधत होते ते पहिल्याच काही महिन्यांपासून त्यांच्याच कपाटात पडून होतं. चाचणी चुकीची नव्हती, तिला विचारलेला प्रश्न अपुरा होता. या सगळ्या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण हाच. नंतरची कोट्यवधींची विक्री, नोबेल, सगळं या एका फेरतपासणीवर उभं आहे. तरी औषधांच्या इतिहासात ब्लॅक यांचं नाव ठळक छापलं जातं आणि पार्सन्स यांचं बारीक अक्षरात.

पुढचं काम रसायनज्ञांचं. ग्वानिलहिस्टामिनच्या टोकाला ग्वानिडिन नावाचा गट होता आणि शरीरात त्यावर धन विद्युतभार येई. हिस्टामिनच्या टोकाशीही तसाच भार असतो. म्हणून हे संयुग हिस्टामिनची थोडीफार नक्कल करत असणार, असा त्यांचा तर्क होता. मग भार येणार नाही असा थायोयुरिया गट तिथे बसवला. आम्ल वाढवण्याचा दोष गेला, पण अडवण्याची ताकदही फार उरली नाही. तेव्हा मधली कार्बनची साखळी लांब केली आणि हाती बुरिमामाइड आलं: ग्वानिलहिस्टामिनच्या सुमारे शंभर पट प्रभावी आणि स्वतः आम्ल अजिबात न वाढवणारं. एप्रिल १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये ब्लॅक, डंकन, ड्युरंट, गॅनेलिन आणि पार्सन्स यांचा निबंध आला. अॅश आणि शिल्ड यांनी जिला नाव द्यायचं टाळलं होतं त्या ग्राहीला आता नाव होतं, एच-टू. आणि गॅस्ट्रिनने सुटणारं आम्लही या औषधाने घटतं, हे दिसल्यावर हिस्टामिन किरकोळ म्हणणाऱ्यांना आपलं म्हणणं आवरतं घ्यावं लागलं.

बुरिमामाइड माणसांत चाललं, पण शिरेतून दिल्यावर. तोंडाने घेतलं की पुरेसं भिनत नसे. अल्सरच्या रोग्याला महिनोन्महिने इंजेक्शन देत बसणं शक्य नव्हतं. गॅनेलिन यांच्या गटाने आता अंदाजाने बदल करण्याऐवजी रेणूतल्या विद्युतभारांचं गणित मांडलं. हिस्टामिनमधलं वलय शरीरात ज्या रूपात असतं तसंच बुरिमामाइडमधलं वलय राहावं म्हणून साखळीत एका कार्बनच्या जागी गंधक घातलं आणि वलयावर एक मिथिल गट बसवला. हे मेटियामाइड. बुरिमामाइडच्या जवळपास दहापट ताकदीचं आणि गोळीतून घेता येणारं. रोग्यांवर चाचण्या सुरू झाल्या, अल्सर भरून येऊ लागले. ब्लॅक १९७३ मध्ये प्राध्यापक होऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला गेले.

आणि मग काही रोग्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरू लागल्या. सुमारे सातशे रोग्यांमध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच, आणि औषध थांबवल्यावर पेशी पुन्हा भरल्याही. पण अल्सरसारख्या आजारावर दीर्घकाळ द्यायच्या गोळीत हा धोका कुणीच पत्करू शकत नव्हतं. संशय थायोयुरियावर गेला, कारण थायरॉइडवर वापरल्या जाणाऱ्या त्याच जातीच्या औषधांनी असंच होतं हे ठाऊक होतं. सुदैवाने थायोयुरियाला पर्याय शोधायचं काम आधीपासून चालू होतं, आणि तो पर्याय सापडला तो पुन्हा ग्वानिडिनमध्ये. धन भारामुळे जो गट सुरुवातीला टाकून दिला होता त्यालाच सायनो गट जोडला तर त्याचा भार नाहीसा होतो आणि थायोयुरियाची जागा तो बरोबर घेतो, असं गॅनेलिन यांच्या गटाने दाखवलं. हे सिमेटिडिन. मेटियामाइडने रक्त बिघडलेल्या एका रोग्यालाही नंतर सिमेटिडिन देण्यात आलं, आणि पेशी जागच्या जागी राहिल्या.

नोव्हेंबर १९७६ मध्ये टॅगामेट या नावाने ते ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. अमेरिकेची परवानगी १९७७ मध्ये मिळाली, आणि १९७९ पर्यंत शंभराहून अधिक देशांत ते मिळू लागलं होतं. १९६४ पासून तोवर सातशेच्या आसपास संयुगं बनली होती. वर्षाला शंभर कोटी डॉलर्सची विक्री गाठणारं ते जगातलं पहिलं औषध ठरलं. अल्सरसाठी ठरवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या. सर्जन लोकांनी वर्षानुवर्षं ज्यात हात बसवला होता ते काम एका गोळीने त्यांच्याकडून काढून घेतलं.

सिमेटिडिन निर्दोष होतं असं मात्र नाही. यकृतात इतर औषधं फोडणाऱ्या विकरांना ते अडवी, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांची मात्रा शरीरात वाढून बसे. पुरुषांच्या छातीला कधीकधी सूज येई. याचा फायदा शेजाऱ्याने घेतला. त्याच हर्टफर्डशरमध्ये वेअर या गावी ग्लॅक्सोची प्रयोगशाळा होती आणि तिथे डेव्हिड जॅक हे ब्लॅकसारखेच स्कॉटिश. ब्लॅक यांचं काम प्रसिद्ध झाल्यावर जॅक यांच्या गटाने तीच ग्राही धरली, पण हिस्टामिनचं वलय मुळातून काढून त्या जागी फ्युरान हे वेगळं वलय घातलं. रॅनिटिडिन १९८१ मध्ये झँटॅक या नावाने आलं. दिवसातून दोनदा घ्यायचं, यकृताला जवळजवळ न छेडणारं. ग्लॅक्सोचे पॉल गिरोलामी यांनी ते टॅगामेटपेक्षा स्वस्त न विकता महाग विकलं, चांगल्या मालाला चांगली किंमत या न्यायाने. काही वर्षांतच ते जगातलं सर्वाधिक विकलं जाणारं औषध झालं. शास्त्रात पहिला आलेला बाजारात दुसरा ठरला. त्यात नवल नाही. पहिल्याने सगळे खड्डे भरून रस्ता केलेला असतो.

या सगळ्या वर्षांत स्वीडनमध्ये एक वेगळंच काम चाललं होतं. गोटेबोर्गजवळच्या मोल्न्डालमध्ये हेस्ले ही आस्ट्रा या औषध कंपनीच्या मालकीची छोटी कंपनी १९६६-६७ पासून आम्लाच्या मागे होती. त्यांचं सुरुवातीचं एक संयुग कुत्र्यांत उत्तम चाललं आणि माणसांत अजिबात नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नव्याने मांडामांड केली आणि दुसऱ्या एका कंपनीने विषारी म्हणून सोडून दिलेलं संयुग उचललं. विष ज्या गटात होतं असं वाटलं तो बदलत बदलत ते एका चांगल्या रेणूपर्यंत आले, तर कळलं की तो क्षयाच्या औषधासाठी हंगेरीत आधीच पेटंट झालेला आहे. मग त्या रेणूचं शरीरात जे रूपांतर होतं तेच तपासलं. ते मूळ रेणूपेक्षा सरस निघालं आणि पेटंटच्या बाहेरचंही. हे टिमोप्राझोल. पण जनावरांत ते थायरॉइडमध्ये आयोडिन जाऊ देईना. रेणूत आणखी बदल केले आणि पिकोप्राझोल मिळालं.

पिकोप्राझोल दिलेल्या काही कुत्र्यांच्या रक्तवाहिन्यांना दाह झालेला दिसला. अशा वेळी बहुतेक प्रकल्प संपतात. हेस्लेच्या लोकांनी नोंदवह्या पुन्हा काढल्या. औषध न दिलेल्या, तुलनेसाठी ठेवलेल्या कुत्र्यांपैकी एकालाही तोच दाह होता. मग वंशावळ पाहिली, तर आजारी पडलेले सगळे कुत्रे फेबियन नावाच्या एकाच नराचे वंशज होते आणि आतड्यातल्या जंतांविरुद्धची प्रतिद्रव्यं त्यांच्या रक्तात होती. दुसरीकडून कुत्रे आणून प्रयोग केला, दाह झाला नाही. एका फेबियनपायी एवढं औषध बंद पडलं असतं.

१९७९ मध्ये त्याच घराण्यातलं ओमेप्राझोल तयार झालं. हा रेणू नेमका कुठे काम करतो हे त्याच सुमारास उलगडलं. अमेरिकेत जॉर्ज सॅक्स जठराच्या पेशीतल्या एका पंपाचा अभ्यास करत होते: पोटॅशियम आत घ्यायचं आणि हायड्रोजन आयन बाहेर ढकलायचे. या पंपामुळे जठरातले हायड्रोजन आयन रक्तातल्यापेक्षा दहा लाख पटींनी अधिक होतात. निरोप हिस्टामिनचा असो, गॅस्ट्रिनचा असो, व्हेगस नसेचा असो, आम्ल शेवटी याच पंपातून बाहेर पडतं. हेस्लेची संयुगं थेट याच पंपाला चिकटत होती. शिवाय ओमेप्राझोल स्वतः निष्क्रिय असतं. जिथे तीव्र आम्ल आहे अशा पेशीच्या कालव्यांत ते साठतं, तिथेच त्याचं रूप बदलतं आणि तिथेच ते पंपाला घट्ट बांधलं जातं. शरीरात इतकं आम्ल दुसरीकडे कुठेच नाही. यामुळेच त्याची गोळी वरून साधी दिसली तरी आत लेप दिलेले दाणे असतात, नाहीतर औषध जठरातच मोडून जाईल. आणि यामुळेच डॉक्टर ते अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. जेवण आलं की पंप जागे होतात आणि जागे असलेलेच पंप औषधाला सापडतात. आपल्याकडे ही गोळी जेवून झाल्यावर ढेकर देत घेणारे किती आहेत, ते कुठल्याही केमिस्टला विचारावं.

१९८४ मध्ये हाही प्रकल्प थांबवावा लागला. उंदरांना आयुष्यभर मोठी मात्रा दिली तेव्हा त्यांच्या जठरात गाठी झाल्या. पुन्हा तोच प्रश्न: औषधाचा दोष की आणखी काही? लुंड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांची मदत घेऊन साखळी उलगडली गेली. आम्ल पूर्ण बंद झालं की शरीर आम्ल वाढवण्यासाठी गॅस्ट्रिन वाढवतं, आणि उंदराच्या जठरातल्या विशिष्ट पेशी त्या गॅस्ट्रिनने वाढत जातात. रेणू स्वतः गाठी करत नव्हता. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९८८ मध्ये लोसेक या नावाने ओमेप्राझोल विक्रीला आलं. अमेरिकेत मात्र ते लेसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी घोटाळा होतो म्हणून प्रायलोसेक झालं. त्याच १९८८ च्या डिसेंबरात जेम्स ब्लॅक नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले. ज्या देशात त्यांचा सत्कार होत होता त्याच देशाच्या कारखान्यात त्यांच्या एच-टू ब्लॉकरना मागे टाकणारं औषध डबीत भरलं जात होतं.

आपल्याकडे ही औषधं आली ती एका कायद्याच्या वाटेने. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट नाकारलं, ते फक्त बनवण्याच्या रीतीला ठेवलं. दुसरी रीत शोधा आणि तोच रेणू बनवा. त्यामुळे रॅनिटिडिन ब्रिटनमध्ये महाग असताना इथे अनेक नावांनी स्वस्तात मिळू लागलं, मुंबईच्या जे. बी. केमिकल्सचं रॅनटॅक तर मराठी घरांतल्या औषधाच्या डब्यात कायमचं बसलं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजचं ओमेझ १९९१ मध्ये आलं, आणि मग जर्मनीत जन्मलेलं पँटोप्राझोल. आज दुकानात पोटासाठी काहीतरी द्या म्हटलं की पॅन-४०ची पट्टी विनाचिठ्ठी पुढे येते, आणि एकदा घेतली की सुटत नाही, अशी तक्रार डॉक्टरच करतात. रॅनिटिडिनचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्याच्या रेणूची दोन टोकं साठवणुकीत एकमेकांशी क्रिया करून एनडीएमए हे कर्करोगाचा संशय असलेलं द्रव्य तयार करतात, असं दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं, आणि भारताने २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं.

आता थोडं मागे जाऊ. इतकी औषधं येत असतानाही एक गोष्ट कुणाला नीट सांगता येत नव्हती. गोळी चालू असेपर्यंत अल्सर बरा, बंद केली की वर्षभरात बहुतेकांना पुन्हा होई. मग गोळी चालूच ठेवायची. कंपन्यांना यात काही गैर वाटत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट १९७९ पासून जठराच्या तुकड्यांवर वळणदार जंतू पाहत होते. आम्लात जंतू जगत नाहीत अशी सगळ्यांची खात्री होती. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू बशीत वाढवण्याचे त्यांचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही तर बशी फेकायची असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे एक बशी पाच दिवस तशीच राहिली आणि तिच्यात जंतू उगवले. १९८४ मध्ये मार्शल यांनी ते स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अल्सरच्या रोग्यांना या जंतूविरुद्ध प्रतिजैविकं द्या असं सांगायला १९९४ उजाडलं. वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं ते २००५ मध्ये.

यावरून आम्लाच्या औषधांची चाळीस वर्षं वाया गेली असं म्हणणारे लोक भेटतात. ते मला पटत नाही. अॅस्पिरिन आणि सांधेदुखीच्या गोळ्यांनी होणारे अल्सर या जंतूने होत नाहीत, आणि छातीत वर येणाऱ्या आम्लाचाही त्याच्याशी फारसा संबंध नाही. शिवाय हा जंतू, म्हणजे हेलिकोबॅक्टर, मारायचा तर अॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं आम्लात दुबळी पडतात. जठर पुरेसं सौम्य झाल्यावरच ती नीट लागू होतात. त्यामुळे या जंतूसाठी १४ दिवसांची चिठ्ठी लिहिताना डॉक्टर आजही दोन प्रतिजैविकांच्या जोडीला दिवसातून दोनदा ओमेप्राझोल किंवा त्याचंच एखादं भावंड लिहितात.